पाटीवरचा एक शब्द

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून लिहिणारी ही वाचक २९ वर्षांची आहे. तिने विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. केलं. पदवीपत्रावर 'क्लिनिकल सायकॉलॉजी' अशी शाखा छापलेली आहे. पुढे सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा झाला, वडिलांनी बाजारपेठेत गाळा घेऊन दिला आणि तीन वर्षांपूर्वी दारावर पाटी लागली: 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', म्हणजे मनाच्या आजारांची तपासणी आणि औषधाविना उपचार करणारी व्यक्ती. गावात दुसरं कुणी नाही. लोक येतात, मोकळे होतात, पुन्हा येतात. मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलाची बुद्ध्यांक चाचणी घेऊन तिने लेटरहेडवर रिपोर्ट दिला आणि तीन हजार रुपये घेतले. तो रिपोर्ट जिल्हा रुग्णालयात चालला नाही. मुलाची आई परत आली आणि बाहेर माणसं बसलेली असताना म्हणाली, "मॅडम, तुमचा आरसीआय नंबर काय? तिथं विचारत होते." ही गप्प राहिली. वडिलांचं म्हणणं, तीन वर्षांत कुणी विचारलं नाही. दोन गाळे सोडून एक जण बोटांचे ठसे घेऊन मुलांची बुद्धी सांगतो, त्याला कोण विचारतं? तिचे प्रश्न असे: "पदवीवर आहे तेच पाटीवर लिहिलं, यात खोटं काय? एका कागदासाठी दोन वर्षं सगळं बंद करून शहरात जाऊ का? आणि मी बंद केलं तर ही माणसं जाणार कुठं?"

प्रिय मैत्रिणी,

त्या बाईंनी नंबर विचारला तेव्हा तुम्ही गप्प राहिलात. पत्रात तुम्ही त्याला अपमान म्हणता. 'अर्ज केलाय, येईल' असं सांगून वेळ मारून नेता आली असती. डिप्लोम्याच्या सर्टिफिकेटवरचा क्रमांकही सांगता आला असता. तुम्ही यातलं काही केलं नाहीत, आणि रात्री बसून मला चार पानं लिहिलीत. म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. मी आयुष्यातली बरीच वर्षं सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काढली आहेत. हा विषय मला जवळचा आहे, त्यामुळे काही वाक्यं तुम्हाला लागतील. पण ती तुमच्या बाजूने लिहिली आहेत, एवढं धरून वाचा.

'पदवीवर आहे तेच पाटीवर' इथून सुरू करू. तुमच्या ओळखीत एखादा एलएल.बी. झालेला मुलगा असेल. पदवी हातात आली म्हणून तो कोर्टात वकील म्हणून उभा राहत नाही, आधी बार कौन्सिलची सनद काढतो. तुम्ही काय शिकलात ते पदवी सांगते. आपला जीव किंवा आपली अडचण घेऊन तुमच्यासमोर बसावं की नाही, हे लोकांना सनद सांगते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची सनद म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेच्या (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजेच आरसीआय) केंद्रीय नोंदवहीतलं नाव. ज्याला आपण बोलताना आरसीआय नंबर म्हणतो, तो हा.

गोंधळ तुम्ही निर्माण केलेला नाही, हे मला मान्य आहे. आपल्याकडच्या विद्यापीठांनी वर्षानुवर्षं 'क्लिनिकल सायकॉलॉजी' या नावाने एम.ए. दिलं. प्रवेश घेताना हजारो मुलींना वाटलं की दोन वर्षांनी आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होणार. त्या वर्गात उभं राहून 'हे शिक्षण आहे, सनद नव्हे' असं कुणी सांगितलं नसेल तर ती चूक सांगणाऱ्यांची. आता परिषदेनेही याच नावाचा एम.ए. अभ्यासक्रम आणला आहे, त्यामुळे एकाच नावाच्या दोन पदव्या बाजारात आहेत. पदवीच्या नावावरून फरक कळतच नाही. त्या संस्थेला त्या अभ्यासक्रमासाठी परिषदेची मान्यता आहे की नाही, एवढंच पाहायचं. तुमच्या विद्यापीठाला ती नव्हती, हे तुम्हीच शोधून लिहिलं आहे. म्हणजे तुम्ही फसवायला बसला नव्हता. पण पाटी मात्र आज चुकीचं सांगते आहे, आणि हे कळल्यानंतर ती जितके दिवस राहील तितके दिवस ती तुमची जबाबदारी आहे.

कायदा काय म्हणतो तेही स्पष्ट सांगते, कारण तुमच्या पत्रात त्याविषयी एकही ओळ नाही. पुनर्वसन परिषदेचा कायदा १९९२ चा. त्याच्या तेराव्या कलमानुसार मान्य अर्हता असलेल्या आणि नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही पुनर्वसन व्यावसायिक म्हणून देशात कुठेही व्यवसाय करता येत नाही, कायद्याने लागणाऱ्या दाखल्यावर सही करता येत नाही आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट याच व्यावसायिकांत मोडतो. हे कलम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' या शब्दाची व्याख्याच करून टाकली, आणि तीही याच परिषदेच्या मान्यतेशी बांधलेली आहे. तुमचा रिपोर्ट जिल्हा रुग्णालयात का चालला नाही, याचं उत्तर इथे आहे. टेबलापलीकडच्या माणसाने तुमची किंमत केली नाही. त्या कागदावर सही करण्याचा अधिकार कुणाचा, एवढंच त्याने पाहिलं.

दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी स्थापन झालेली परिषद मनाच्या आजारांवर काम करणाऱ्यांची नोंद का ठेवते, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही सुरुवातीला पडला होता. बौद्धिक दिव्यांगत्वाची तपासणी करणं हे आमच्या कामाचं एक जुनं, मोठं अंग आहे. त्या वाटेने आम्ही तिथे पोचलो. ही रचना आदर्श आहे असं मला वाटत नाही. पण आज आहे ती हीच.

आता तुमचा 'एका कागदासाठी' हा शब्द. त्यावर मला जरा थांबायचं आहे.

प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. पन्नाशीतले एक शेतकरी, बायको घेऊन आली होती. सहा महिन्यांपासून बोलत नाहीत, रानात जात नाहीत, दिवसभर ओट्यावर बसून असतात. मी तासभर इतिहास घेतला. कर्ज होतं, भावाशी बांधावरून भांडण होतं, लेकीचं लग्न अडलं होतं. सगळं जुळत होतं. मी नैराश्य असं लिहिलं, समुपदेशनाची आखणीही केली आणि समाधानाने वरिष्ठ मॅडमकडे फाइल नेली. त्या फाइल न उघडता त्या माणसाजवळ जाऊन बसल्या. आजचा वार विचारला. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. हाताने तीन क्रिया ओळीने करून दाखवल्या आणि म्हणाल्या, असंच करा. त्यांना जमेना, पहिलीच क्रिया ते पुन्हा पुन्हा करत राहिले. मॅडमनी विचारलं, "ओट्यावर बसून रडतात का?" बायको म्हणाली, "न्हाई ओ. त्यांना काई वाटतच न्हाई." त्याच दिवशी त्यांना मेंदूच्या तपासणीसाठी पाठवलं. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ निघाली.

मी हुशार होते, मन लावून ऐकलं होतं, माझा हेतूही चांगला होता. तरी मी त्या माणसाला दर आठवड्याला बोलावून मोकळं बोलायला लावलं असतं आणि गाठ वाढत राहिली असती. मला वाचवलं ते माझ्या डोक्यावर असलेल्या माणसाने. सनदेमागचं प्रशिक्षण म्हणजे हेच. पुस्तकात असलेलंच पुन्हा, पण जित्या माणसांवर, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी अनुभवी तुमच्या खांद्यावरून पाहत असतं. सनदेकडे नेणाऱ्या एम.फिल. या अभ्यासक्रमाची ती दोन वर्षं पूर्णवेळ रुग्णालयात जातात. सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी केस सादर करणं आणि बोलणी खाणं. स्किझोफ्रेनियाचा माणूस कसा दिसतो, दारू अचानक सोडलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी काय होऊ शकतं, बाळंतिणीचं साधं रडू कोणतं आणि धोक्याचं कोणतं, हे गाळ्यात एकटीने बसून शिकता येत नाही. त्यात तुमच्या बुद्धीचा काही दोष नाही. चूक दाखवणारं कुणी शेजारी नसेल तर चूक दिसतच नाही, आणि चुकलेला माणूस बहुतेक वेळा भांडायला येत नाही. तो यायचा बंद होतो. तुम्ही लिहिता, 'लोक पुन्हा येतात.' जे आले नाहीत, त्यांची वही तुमच्याकडे आहे का?

लोक मोकळे होतात हे खरं असेल. ते लहान नाही. ज्या गावात ऐकून घेणारं कुणी नसतं, तिथे ते फार मोठं आहे. पण 'बरं वाटतंय' हा पुरावा आमच्या कामात दगा देतो. दोन उदाहरणं सांगते, दोन्ही रोजच्या व्यवहारातली.

एखादी बाई येते. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, हात स्वच्छ झाले का, दिवसातून पन्नास वेळा खात्री करते. तुम्ही प्रेमाने समजावता, 'ताई, काही होणार नाही, बंदच आहे.' तिला त्या क्षणी फार बरं वाटतं. पण या आजाराला, म्हणजे ओसीडीला, दिलासा हेच खतपाणी असतं. दिलासा मिळाला की शंका थोडी शमते, आणि मेंदू शिकतो की शंका आली की कुणाला तरी विचारायचं. उपचार याच्या अगदी उलट दिशेने जातो: शंकेला पायरीपायरीने सामोरं जायचं, खात्री करून न घेता थांबायचं, आणि अस्वस्थता आपोआप उतरते हे अंगाने अनुभवायचं. रुग्णाला त्यात सुरुवातीला वाईटच वाटतं. म्हणजे बरं वाटवणारं समुपदेशन इथे आजार वाढवतं आणि त्रास देणारा उपचार बरा करतो. अशा बाईने 'मॅडम फार चांगल्या आहेत, मी दोन वर्षं जातेय' म्हटलं तर ती खरंच बोलते आहे, आणि तिची दोन वर्षं खरंच गेली आहेत.

दुसरं उदाहरण. तीन महिने उदास असलेला एक मुलगा चौथ्या महिन्यात उत्साहाने येतो. पहाटे तीनला उठतो, झोपेची गरजच वाटत नाही म्हणतो, दोन नवे धंदे काढलेत, भराभर बोलतो. समुपदेशकाला वाटतं, आपले कष्ट फळाला आले. ज्याने वॉर्डात दहा-बारा असे रुग्ण पाहिलेत त्याच्या पोटात गोळा येतो. ती उन्मादाची सुरुवात असू शकते, त्याला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला हवं असतं. उशीर झाला तर कर्ज, भांडणं, अपघात, काहीही होतं.

या कामात औषध नसतं हे तुम्हाला ठाऊक आहे. पण वाचकांसाठी सांगते, कारण मराठी वर्तमानपत्रं 'मानसोपचारतज्ज्ञ', 'मानसशास्त्रज्ञ' आणि 'समुपदेशक' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनाच्या आजारांत शिकलेले डॉक्टर. औषध तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहीत नाही. तो सविस्तर मुलाखत घेतो, चाचण्या करतो, हा त्रास या माणसात, या घरात, याच वेळी का उभा राहिला याची मांडणी करतो आणि पद्धतशीर मानसोपचार देतो. पक्षाघातानंतर स्मरणशक्ती कुठे अडली आहे हे पाहणं, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या घरच्यांना आजाराशी जमवून घ्यायला शिकवणं, ही कामंही त्याचीच. समुपदेशक घरातले ताण, परीक्षा, नात्यांतले पेच, दुःख अशा ठिकाणी माणसाला आधार आणि दिशा देतो. ही उतरंड नाही. कामं वेगळी आहेत, आणि कुणी काय शिकून आलं आहे ते लोकांना खरं कळायला हवं.

तुमच्या पत्रातला तो नववीतला मुलगा मला फार आठवत राहिला. आमच्या व्यवसायाचा जन्मच अशा मुलापासून झाला आहे. लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं. त्यांच्याकडे आलेला पहिला मुलगा चौदा वर्षांचा होता, शब्दांची स्पेलिंग त्याला जमत नव्हती, आणि त्याच्या शिक्षिकेने त्याला आणलं होतं. सव्वाशे वर्षांनी तुमच्या गाळ्यात तसाच एक मुलगा आला. त्याला एक आकडा मिळाला. पण त्याची अडचण काय, ते कळलं का?

बुद्ध्यांक चाचणी दिसायला सोपी असते. पेटी उघडायची, सूचना वाचायच्या, गुण मांडायचे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचं मराठी आणि कानडीत रूपांतर केलं, नागपूरला डॉ. मालिन यांनी वेक्सलरची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली. आपल्या मातीतली ही मोठी कामं आहेत आणि आजही रोज वापरात आहेत. पण ती अनेक दशकांपूर्वीची आहेत. त्यांचे मापदंड त्या वेळच्या मुलांवरून ठरले. म्हणून आलेला आकडा तसाच्या तसा लिहून देता येत नाही. तो वाचावा लागतो. मूल रात्री झोपलं होतं का, ऐकू नीट येतं का, चष्मा लागला आहे का, घरात कोणती भाषा बोलतात, शाळा मध्येच सुटली होती का? वाचनाची अक्षमता असलेल्या मुलाचा बुद्ध्यांक साधारण किंवा उत्तमही असू शकतो, आणि त्याला लागणारी वाचन-लेखनाची तपासणी अगदी वेगळी असते. चुकून 'मंद' असा शिक्का बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तो शिक्का आई-बापांच्या बोलण्यात, शिक्षकांच्या नजरेत आणि मुलाच्या स्वतःविषयीच्या समजुतीत उतरतो. नंतर दुसरा रिपोर्ट दाखवून तो पुसता येत नाही. म्हणून मी या एका बाबतीत कठोर आहे: प्रशिक्षण होईपर्यंत चाचण्यांची पेटी बंद ठेवा.

बोटांचे ठसे घेणाऱ्या शेजाऱ्याविषयी जास्त लिहीत नाही. ठशांवरून बुद्धी किंवा करिअर सांगण्याला शास्त्रीय आधार नाही. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तसं जाहीर सांगितलं आहे. तुमच्या वडिलांनी तुम्हाला शिकवलं, गाळा घेऊन दिला, त्यांना तुमची काळजी आहे. पण ते तुमची तुलना कुणाशी करत आहेत, हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. मला वाटतं ते स्वतःच थांबतील.

आणि आता तुमचा सगळ्यात खरा प्रश्न. 'ही माणसं जाणार कुठं?' तो मी बाजूला सारणार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात १२ राज्यं होती पण महाराष्ट्र नव्हता, वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत असं दिसलं. नोंदणीकृत माणसं मोजकी, तीही पुण्या-मुंबईकडे एकवटलेली. अशा वेळी 'सनद नाही तर बोलूही नका' असं म्हणणं मला पटत नाही. आपल्या शेजारच्या गोव्याने याचं फार सुंदर उत्तर दिलं आहे. तिथे 'संगत' या संस्थेने मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांचा साधा, आखीव मानसोपचार द्यायला बसवलं. रुग्णांची सुधारणा रीतसर चाचणीत तपासली गेली, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झाली. नेहमीच्या उपचारापेक्षा त्याचा फायदा स्पष्ट दिसला.

याचा अर्थ तुमच्या बाजूने निघतो असं वाटेल. अर्धा निघतोच. सनद नसलेलं माणूसही मनाच्या आजारात खरी मदत करू शकतं, हे तिथे सिद्ध झालं. पण त्यांनी काय काय पाळलं ते पाहा. काम एका आजारापुरतं ठेवलं. पद्धत लिहिलेली होती. बैठका तपासल्या जात, चुका दाखवल्या जात. धोक्याची खूण दिसली तर पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठरलेलं होतं. आणि त्यांना समुपदेशकच म्हटलं गेलं, त्यांच्या दारावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी नव्हती. गावाला तुमची गरज आहे, हे मी शंभर टक्के मानते. त्या पाटीची गरज गावाला नाही.

तेव्हा बंद करू की चालू ठेवू, असे दोनच पर्याय तुम्ही मांडलेत, त्यात तिसरा आहे. पाटी बदला, काम आखून घ्या. 'समुपदेशक, एम.ए. मानसशास्त्र' एवढं लिहा. समुपदेशनासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी लागत नाही. लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, गुगलवरची नोंद, सगळीकडे तोच शब्द. सध्या येणाऱ्या प्रत्येकाला तोंडाने सांगा: 'मी समुपदेशक आहे. निदान आणि चाचण्या मी करत नाही. गरज वाटली तर तुम्हाला पुढे पाठवीन.' पहिल्या दोन-तीन वेळा जीभ जड होईल. काही लोक जातील. माझा अनुभव असा की जे थांबतात त्यांचा विश्वास नंतर हलत नाही.

आठवड्यातून एक तास किंवा महिन्यातून दोनदा एखाद्या नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून देखरेख घ्या. फी देऊन घ्या, ऑनलाइन चालेल, पण नियमित. तिला तुमच्या अडलेल्या केसेस दाखवा, आणि न अडलेल्या आवर्जून दाखवा; माझी ती शेतकऱ्याची केस मला मुळीच अडलेली वाटत नव्हती. जवळच्या शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांना जाऊन भेटा आणि कोणत्या खुणा दिसल्या की त्याच दिवशी पाठवायचं ते ठरवून घ्या: जीव देण्याचे विचार, आवाज ऐकू येणं, दिवसेंदिवस झोप न लागताही उत्साह, अचानक वागणं बदलणं, विसरभोळेपणा, बाळंतपणानंतरची भीती किंवा भ्रम, दारूचं जुनं व्यसन. सततचा थकवा आणि उदासी घेऊन आलेल्या बाईला आधी फॅमिली डॉक्टरकडे थायरॉइड आणि हिमोग्लोबिनसाठी पाठवायचं, हेही त्यातच. आणि 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. फोनवरून मानसिक आधार देणारी केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही चालू असते. तुमचा गाळा रात्री बंद असतो.

शहरात जाऊन पुढचं शिकावं का? घाईने ठरवू नका, पण मनातून काढूनही टाकू नका. तुम्ही २९ वर्षांच्या आहात. ३२ व्या वर्षी सनद घेऊन त्याच गाळ्यात परतलात तर पुढची तीस वर्षं त्या तालुक्याला स्वतःचा माणूस मिळेल. जागा थोड्या असतात, प्रवेशपरीक्षा कठीण असते, शुल्कात संस्थेगणिक मोठा फरक पडतो. शिवाय अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. ही पदवी बंद झाली, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्कपुरती तिला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदतवाढ मिळाली होती. म्हणून जाहिरातीतलं नाव पाहून एक रुपयाही भरू नका. त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षाची मान्यता आहे का हे परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा, आणि मगच अर्ज करा. एकदा पदवीच्या नावाने तुमची दिशाभूल झाली आहे. शिवाय २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात, क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही नोंदणीच्या चौकटीत आणलं आहे. म्हणजे समुपदेशक म्हणून राहायचं ठरवलंत तरी तुमच्याही व्यवसायाची नोंदवही येते आहे. कागदपत्रं, देखरेखीच्या तासांची नोंद, केसची टिपणं आजपासून नीट ठेवा.

दाराच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्या वाचकांनाही एक सांगते. त्या आईने जे विचारलं ते तुम्हीही विचारा, पण कामाच्या आधी. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असं लिहिलेलं असेल तर नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधा. पाच मिनिटं लागतात. नोंद असली म्हणजे तो माणूस तुम्हाला जमेलच असं नाही. पण नोंदणीकृत माणूस चुकला, गुपित फोडलं, गैर वागला, तर तक्रार कुठे करायची ते ठिकाण असतं, आणि चौकशीनंतर त्याचं नाव वहीतून काढताही येतं. वहीत नसलेल्याचं काय काढणार? कुणी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला सांगितल्या, किंवा 'दहा बैठकांत खात्रीने बरं करतो' म्हणून आगाऊ पैसे मागितले, तर तिथून उठा. प्रश्न विचारल्यावर जो चिडत नाही, त्याच्याकडे थांबायला हरकत नाही.

शेवटी तो मुलगा. मैत्रिणी, पाटीवाल्याला फोन करण्याआधी त्या आईला फोन करा. तिला सांगा की हा रिपोर्ट द्यायचा अधिकार मला नव्हता, मला ते नीट माहीत नव्हतं, आणि तुमचे तीन हजार मी परत देते. मग तिच्यासोबत बसून पुढची वाट काढून द्या. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मुलांची तपासणी कोणत्या वारी होते, ते तुम्ही स्वतः फोन करून विचारा. शाळेची प्रगतिपुस्तकं, वर्गातल्या वह्या आणि डोळे-कान तपासल्याचे कागद बरोबर न्यायला सांगा. तुम्ही चाचणी कधी आणि कोणती घेतलीत ते एका साध्या चिठ्ठीवर लिहून द्या, कारण तीच चाचणी लगेच पुन्हा घेतली तर निकाल बिघडतो आणि तिथल्या माणसाला हे माहीत असायला हवं. वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता निघाली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती मोजली जाते, आणि दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. पण तो अर्ज शाळेमार्फत, अधिकृत दाखल्यासह, वेळेत जावा लागतो. मुलगा आत्ता नववीत आहे. तपासणीच्या तारखा लांबच्या मिळतात. फोन या आठवड्यातच करा.